हत्ती गवत: वैरण हवी की जळण, ते कापणीचं वय ठरवतं

हत्ती गवत, म्हणजेच नेपियर, लावायला फारशी अक्कल लागत नाही. उसाची लागण जमते त्याला हेही जमतं. गणित चुकतं ते कापणीत. ४५ दिवसांचं नेपियर आणि पाच महिन्यांचं नेपियर एकाच ठोंबावर वाढतं, पण माल दोन वेगळे. पहिलं गाय गव्हाण पुसून खाते, दुसरं बॉयलरला चालतं. 'आधी जनावरांना घालू, उरलं तर कंपनीला देऊ' म्हणत प्लॉट उभा ठेवला की अडीच-तीन महिन्यांत अशी अवस्था येते की गाय खोडं सोडून फक्त पाती ओढते आणि जळणासाठी माल अजून कोवळा, पाण्याने भरलेला असतो. म्हणून लागणीआधी एकच गोष्ट पक्की करायची: हा तुकडा गोठ्यासाठी की विक्रीसाठी. दोन्ही करायचं असेल तर तुकडे दोन ठेवायचे.

वाण आणि बेणं

आपल्या शेतात दिसतं ते बहुतेक संकरित नेपियर, म्हणजे मूळच्या आफ्रिकी हत्ती गवताचा बाजरीशी केलेला संकर. हत्ती गवताची गुणसूत्रं २८, बाजरीची १४, संकराची २१. ही जोडी जुळत नसल्याने संकर वांझ राहतो. तुरा येतो, पण त्यात उगवणारं बी नसतं. तेव्हा ऑनलाइन कोणी 'सुपर नेपियरचं बियाणं' पाकिटात विकत असेल तर पैसे खिशातच ठेवा. लागण कांडीने किंवा ठोंबाने, तिसरा मार्ग नाही.

महाराष्ट्रात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे यशवंत (आरबीएन-९) आणि फुले जयवंत (आरबीएन-१३) हे वाण जुने, पारखलेले. जयवंतच्या पानावर कुसळ कमी आणि ऑक्झॅलेटही (कॅल्शियम अडवणारा घटक) तुलनेने कमी, म्हणून दुभत्या जनावरांसाठी आमची पसंती त्याला. बायफ संस्थेचं बीएनएच-१०, झाशीच्या गवत संशोधन संस्थेच्या धारवाड केंद्राचं डीएचएन-६, कोइम्बतूरच्या कृषी विद्यापीठाचे को-४ आणि को-५ हेही चांगले. थायलंडहून आलेलं पाकचोंग-१ इथे 'सुपर नेपियर' नावाने विकलं जातं. उंच आणि जोमदार वाढतं, त्यामुळे विक्रीच्या प्लॉटला बरं. गोठ्यासाठी घेतलं तर कापणी आठवडाभरही लांबवू नका, त्याचं खोड लवकर जाड होतं. बाकी 'बुलेट', 'रेड', 'फोर-जी' अशा नावांनी दर डोळ्यामागे (कांडीवरच्या कोंबामागे) चढे भाव लावले जातात आणि '१८ टक्के प्रथिनं' अशी जाहिरात होते. प्रथिनांचा आकडा वाणापेक्षा कापणीच्या वयावर आणि नत्रावर जास्त अवलंबून असतो. कोणतंही नेपियर ३० दिवसांत कापून फक्त पानं तपासली की आकडा फुगतो.

बेणं एकरभर विकत घेण्याची गरज नाही. आधी एक गुंठा लावा. ३ × २ फूट अंतराने गुंठ्यात सुमारे १८० ठोंब बसतात. तो कापायचा नाही, साडेतीन-चार महिने वाढू द्यायचा. एका ठोंबाला दहा चांगले फुटवे धरले आणि प्रत्येकातून दोन डोळ्यांच्या चार कांड्या निघाल्या, तरी ७,२०० कांड्या होतात. एकराला ३ × २ फुटांवर ७,२६० लागतात. म्हणजे १८० कांड्यांच्या पैशात एकराची लागण. चार महिन्यांत घरीच मिळणारं बेणं बाहेरून आणण्याची घाई लोक करतात आणि भेसळ वाण घरी येतो.

बेण्यासाठी खोडाचा खालचा दोन-तृतीयांश भाग घ्या. शेंड्याकडचे डोळे कोवळे, लवकर कुजतात. डोळे सुजलेले हवेत, पण फुटलेले नकोत. तोडल्यावर लगेच लावणं उत्तम. एक-दोन दिवस थांबायचं असेल तर सावलीत, ओल्या गोणपाटाखाली ठेवा.

लागण

निचऱ्याची मध्यम ते भारी जमीन चांगली. पाणी साचतं तिथे नेपियर पिवळं पडून खुरटतं. कोकणात म्हणूनच उताराची किंवा वरंब्याची जागा निवडावी. चुनखडीच्या जमिनीत कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पांढुरकी होतात. ती लोहाची कमतरता असते. युरिया वाढवून ती जात नाही. फेरस सल्फेटची अर्धा टक्का फवारणी आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोनदा करावी लागते आणि शेणखत वाढवावं लागतं.

फेब्रुवारी-मार्च किंवा जून ते ऑगस्ट हा लागणीचा काळ. तापमान १५ अंशांखाली गेलं की हे गवत जवळपास झोपतं, म्हणून नोव्हेंबर ते जानेवारीत लावलेल्या कांड्या महिनाभर नुसत्या पडून राहतात आणि वाळवीच्या तोंडी जातात.

नांगरट, दोन कुळवाच्या पाळ्या, एकरी आठ ते दहा टन कुजलेलं शेणखत, मग तीन फुटांवर सऱ्या. दोन डोळ्यांची कांडी तिरपी खोचायची: खालचा डोळा मातीत, वरचा जमिनीलगत बाहेर. डोळ्याचं टोक वर आहे ना, ते पाहायचं. मजूर घाईत उलटी कांडी खोचतात आणि ती उगवायला दुप्पट वेळ घेते, किंवा उगवतच नाही. सोबत एकरी २० किलो नत्र, २० किलो स्फुरद, १६ किलो पालाश. म्हणजे युरियाची ४५ किलोची एक गोणी, सिंगल सुपर फॉस्फेटच्या अडीच गोण्या आणि म्युरेट ऑफ पोटॅश २७ किलो. लागलीच पाणी, चौथ्या-पाचव्या दिवशी आंबवणी (दुसरं पाणी), पुढे उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी, हिवाळ्यात बारा-पंधरा दिवसांनी. ठिबक असेल तर दोन लॅटरलमधलं अंतर चार फूट चालतं. गोठा धुतलेलं पाणी या पिकाला फार मानवतं, पण रोज एकाच सरीत सोडू नका. रोज वेगळी सरी धरा.

वीस दिवसांनी नांग्या (न उगवलेल्या जागा) भरा. पहिला महिना खुरपणी चुकवू नका. एकदा फुटवे सरीवर आडवे झाले की तण आपोआप दबतं. त्याआधी दबलेलं नेपियर पुढे वर्षभर पातळ राहतं.

कापणी: रोज एक गुंठा

पहिली कापणी लागणीनंतर ६० ते ७० दिवसांनी. ती जरा उशिरा असते, कारण मुळं धरायला वेळ लागतो. त्यानंतर मार्च ते ऑक्टोबर दर ४५ दिवसांनी, हिवाळ्यात दर ६० दिवसांनी. वर्षात सातेक कापण्या होतात. उंची साधारण चार ते पाच फूट, खोड अंगठ्याने दाबलं तर थोडं दबतं, खालची एक-दोन पानंच पिवळी पडली आहेत, ही योग्य वेळेची खूण. दिवस मोजण्यापेक्षा खोड दाबून पाहा. पावसाळ्यात ४० दिवसांतही ही अवस्था येते.

कोयता जमिनीपासून अर्ध्या फुटावर, एका घावात. खोड चिरडलं तर ठोंब वरून कुजतो. अगदी जमिनीलगत छाटलं तर पुढचे फुटवे कमी येतात आणि तोच ठोंब दोन वर्षांत मधून पोकळ होतो. फार उंच छाटलं तर वरच्या डोळ्यांतून बारीक, कमकुवत फांद्या येतात. पानांच्या कडा धारदार असतात. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे मजुराला द्या, नाहीतर तो दुसऱ्या दिवशी येणार नाही.

एकराचे ४० गुंठे आणि चक्र ४५ दिवसांचं, म्हणजे रोज जेमतेम एक गुंठा कापायचा. आज पहिली सरी, उद्या दुसरी, असं करत शेवटच्या सरीला पोचेपर्यंत पहिली परत तयार होते. चांगल्या निगराणीत एका ठोंबाला एका कापणीला सरासरी एक किलो धरा. गुंठ्याला १८० किलो, वर्षाला एकरी ५० टन. विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावरचे आकडे याहून बरेच मोठे असतात, पण गोठ्याचं नियोजन ५० टनांवरच करा. पावसाळ्यात गुंठ्याला अडीचशे किलोही निघतात, डिसेंबर-जानेवारीत शंभरावर येतं. म्हणून कागदावर एका एकरात आठ-नऊ गाई भागतात आणि प्रत्यक्षात पाच ते सहाच सुखाने जगतात. उरलेलं पावसाळ्यातलं गवत मुरघासात (हवाबंद आंबवलेल्या चाऱ्यात) जातं, तेच हिवाळ्याला पुरतं.

प्रत्येक कापणीनंतर तीन-चार दिवसांनी, नवी पालवी दिसू लागली की, एकरी युरियाची एक गोणी या हिशोबाने कापलेल्या सऱ्यांना द्यायचा आणि पाणी सोडायचं. गुंठ्याला ते सव्वा किलोच्या आत बसतं. मापाचा एक डबा ठरवून घ्या. एकदम सगळ्या प्लॉटावर युरिया फेकू नका, कारण उद्या-परवा कापायच्या सऱ्यांवरही तो पडतो आणि त्यातून विषबाधेचा धोका येतो, तो पुढे सांगितला आहे.

गव्हाणीत किती आणि कशासोबत

४५ दिवसांच्या नेपियरमध्ये शुष्क भाग १८ टक्क्यांच्या आसपास, बाकी पाणी. शुष्क भागातली प्रथिनं ८ ते १० टक्के. तेच गवत ९० दिवसांवर गेलं की प्रथिनं पाच-सहा टक्क्यांवर येतात आणि लिग्निन (न पचणारा, लाकडासारखा भाग) वाढतं. पोट भरतं, दूध भरत नाही.

साधारण ४०० किलो वजनाच्या, मध्यम दुधाच्या गाईला रोज बारा किलोच्या आसपास शुष्क खाद्य लागतं. त्याचा एक हिशोब असा: नेपियर २० किलो (शुष्क ३.६), लसूण घास ५ किलो (शुष्क १), ज्वारीचा कडबा ४ किलो (शुष्क ३.६) आणि पशुखाद्य ४ किलो (शुष्क ३.६). बेरीज ११.८ किलो. नुसतं ४० किलो नेपियर घातलं तरी शुष्क भाग सातच किलो जातो, शेण पातळ होतं आणि 'हिरवं भरपूर देऊनही दूध का नाही' असा प्रश्न येतो. उत्तर पाण्यात आहे.

लसूण घास नसेल तर चवळी, दशरथ घास, शेवरी किंवा बांधावरची सुबाभूळ चालते. चार भाग नेपियर आणि एक भाग द्विदल हे प्रमाण धरून चाला. त्यामागचं कारण फक्त प्रथिनांचं नाही. नेपियरमध्ये ऑक्झॅलेट असतं. ते कॅल्शियमला बांधून टाकतं आणि ते कॅल्शियम जनावराच्या उपयोगी पडत नाही. गाई-म्हशींच्या पोटातले जीवाणू हळूहळू वाढवत नेलेलं ऑक्झॅलेट पचवतात, म्हणून नव्या जनावराला आठ-दहा दिवसांत क्रमाक्रमाने नेपियर वाढवा, एकदम पेंढीभर टाकू नका. कोवळ्या, २५-३० दिवसांच्या गवतात ते जास्त असतं. रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण हा खर्च टाळू नका. घोड्याला आणि गाढवाला नुसतं नेपियर कधीच देऊ नये. त्यांना हे ऑक्झॅलेट पचत नाही, हाडं विरतात आणि चेहरा सुजल्यासारखा मोठा दिसू लागतो.

गाभण गाईची एक बाब फारशी कोणी सांगत नाही. गोठ्याच्या पाण्यावर आणि स्लरीवर वाढलेल्या नेपियरमध्ये पालाश भरपूर उतरतं. विण्याआधीच्या शेवटच्या तीन आठवड्यांत असं गवत जास्त गेलं तर व्याल्यावर दुग्धज्वराचा (रक्तातलं कॅल्शियम एकदम घटण्याचा) धोका वाढतो. त्या काळात नेपियर निम्म्यावर आणा आणि कडबा वाढवा.

नायट्रेटची विषबाधा क्वचित होते, पण झाली की काही तासांतच जनावर जाऊ शकतं. पाण्याचा ताण पडलेलं गवत पहिल्या पावसानंतर एकदम हिरवंगार होतं किंवा सलग ढगाळ दिवसांत भरपूर युरिया दिलेला असतो, तेव्हा नायट्रेट खोडाच्या खालच्या भागात साठतं. युरिया दिल्यापासून किमान तीन आठवडे ती सरी कापायची नाही, संशय असेल तर एक फूट वरून कापायचं आणि उपाशी जनावरापुढे तर मुळीच टाकायचं नाही, आधी कडबा. धाप लागणं, लडखडणं, हिरड्या-डोळ्यांच्या आतली त्वचा तपकिरी दिसणं ही लक्षणं दिसली की गवत काढून घ्या आणि डॉक्टरांना बोलावताना 'नायट्रेटचा संशय आहे' हे फोनवरच सांगा, म्हणजे ते त्यावरचं औषध, मिथिलीन ब्ल्यू, घेऊनच निघतील.

शेळ्यांसाठी ३० ते ३५ दिवसांत कापा. त्या खोड सोडतात आणि सोडलेलं पुन्हा तोंडात धरत नाहीत.

आणि कुट्टी. अखंड पेंढी टाकली तर एक-तृतीयांश खोडं पायाखाली जातात. दोन अश्वशक्तीच्या कडबाकुट्टी यंत्रावर २ ते ३ सेंटिमीटरचे तुकडे करा. तुकडे पिसल्यासारखे, फाटलेले निघत असतील तर पाती बोथट आहेत; धार लावा. यंत्रात गवत लोटताना हात आत जाऊ नये म्हणून तोंडाला लांब पत्र्याचा घसरा असलेलंच यंत्र घ्या.

मुरघास: मक्याची रीत इथे चालत नाही

मक्याच्या मुरघासाची पद्धत नेपियरला जशीच्या तशी लावली की सडका, उग्र वासाचा चिखल हाती येतो. कारणं दोन. नेपियरमध्ये पाणी ८० टक्क्यांच्या पुढे आणि विरघळणारी साखर कमी. लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जीवाणूंना साखर पुरत नाही, मग ओल्यात वाढणारे दुसरे जीवाणू ताबा घेतात आणि ब्युटिरिक आम्लाचा, जुन्या तुपासारखा खवट वास सुटतो.

पाणी कमी करण्याचे दोन मार्ग. पाऊस उघडल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या उन्हात, सकाळी कापून दुपारपर्यंत किंवा दुसऱ्या सकाळपर्यंत सुकू द्या. १८ टक्के शुष्क भागाचं १०० किलो गवत ६४ किलोवर आलं की शुष्क भाग २८ टक्के होतो, म्हणजे एक पेंढी आधी आणि नंतर वजन करून पाहिली तरी काम भागतं. हाताची परीक्षाही सोपी आहे: मूठभर कुट्टी अर्धा मिनिट घट्ट दाबा. पाणी गळलं तर ओली. मूठ उघडल्यावर गोळा सावकाश सुटला तर बरोबर. लगेच विस्कटला तर जास्त सुकली, हवा राहील आणि बुरशी येईल. पावसातच भरायची वेळ आली तर १०० किलो नेपियरमागे १५ किलो कोरडी कडब्याची कुट्टी मिसळा. मिश्रणाचा शुष्क भाग २७ टक्क्यांच्या घरात जातो.

साखरेसाठी १०० किलोमागे दोन ते तीन किलो मळी (मोलॅसिस) किंवा गूळ, तेवढ्याच पाण्यात पातळ करून थरावर शिंपडा. मळी मिळत नसेल तर मक्याचा भरडा चार-पाच किलो. मीठ अर्धा किलो पुरे. काहीजण युरियाही टाकतात, पण ओल्या नेपियरमध्ये तो सामू (पीएच) खाली येऊ देत नाही, तेव्हा नको. तुकडे दीड ते दोन सेंटिमीटर. अर्ध्या फुटाचा थर, दाबणं, पुन्हा थर. भरणं एका दिवसात संपवा.

खड्डा की बॅग, हा प्रश्न गाईंच्या संख्येवर सोडवा. पाच गाई, रोज प्रत्येकी १५ किलो, हिवाळ्याचे ७५ दिवस: साडेपाच टनांच्या वर मुरघास लागतो, नासाडी धरून पावणेसात टन भरावा. दाबलेला मुरघास घनमीटरला सुमारे ६०० किलो, म्हणजे खड्डा ११ घनमीटरचा. आता गोम अशी, की उघडलेल्या तोंडावरून रोज किमान १५ सेंटिमीटर जाडीचा थर निघायला हवा, नाहीतर हवा आत शिरून मुरघास तापतो. पाच गाईंना रोज लागतात ७५ किलो, म्हणजे घनमीटरचा आठवा भाग. १५ सेंटिमीटरने भागलं तर तोंडाचं क्षेत्र एक चौरस मीटरपेक्षाही कमी निघतं. दोन मीटर रुंद आणि दीड मीटर खोल खड्डा केला तर रोज जेमतेम चार सेंटिमीटर निघेल आणि निम्मा माल बुरशीला जाईल. म्हणून दहा गाईंच्या आत ५०० किलोच्या बॅगा बऱ्या: एक बॅग आठवड्यात संपते. आत प्लास्टिक अखंड हवं. उंदीर आणि कावळे भोक पाडतात, ते दिसताच चिकटपट्टी लावा.

४५ दिवसांनी उघडा. पिवळसर हिरवा रंग, आंबट-गोड वास, सामू चारच्या आसपास: उत्तम. काळपट तपकिरी आणि जळक्या गुळाचा वास: आत उष्णता झाली, खायला चालेल पण प्रथिनं गेली. बुरशीचा पांढरा-निळा थर बाजूला टाका, गाभण जनावराला तो भाग अजिबात नको. उघडताना तोंड लगेच आत घालू नका, वायू निघून जाऊ द्या.

जळण म्हणून

इथे सगळे नियम उलटे होतात. वैरणीला पान हवं, जळणाला खोड. कापण्या वर्षाला दोनच, पाच ते सहा महिन्यांच्या. तोवर खालची पानं वाळून गळतात, नत्र आणि पालाश मुळांकडे आणि मातीत परततं, आणि तेच बॉयलरला हवं असतं. कोवळ्या गवताच्या राखेत पालाश आणि क्लोरीन जास्त; राख कमी तापमानाला वितळून शेगडीवर क्लिंकर (दगडासारखा थर) धरते, नळ्या गंजतात. नेपियरची राख शुष्क वजनाच्या सहा ते दहा टक्के, लाकडाच्या कितीतरी पट. बॉयलरवाला दर पाडतो त्यामागे हे कारण असतं, नुसती मुजोरी नव्हे.

पूर्ण वाळलेल्या मालात किलोला सुमारे ४,००० किलोकॅलरी, पण १२ टक्के ओलाव्यावर हाती लागणारी उष्णता ३,१०० ते ३,४०० धरा. शुष्क भाग २० टक्के धरला तर १०० टन हिरवं म्हणजे २० टन शुष्क, म्हणजे १२ टक्के ओलाव्याचा पावणेतेवीस टन माल. उरलेलं सगळं पाणी. ते शेतातच उडवायचं असेल तर शेवटची कापणी फेब्रुवारी-मार्चला ठेवा, पाच-सात दिवस आडवं पसरून, एकदा उलटून, मग बेलरने गठ्ठे. जाड खोडं आत ओली राहतात. ती चिरडणारं यंत्र नसेल तर अखंड न वाळवता आधी तुकडे करा. पांढऱ्या कोळशाच्या (दाबून केलेल्या जळणाच्या कांड्यांच्या) प्रेसला १२ टक्क्यांपेक्षा ओला माल दिला तर कांड्या बाहेर येताच फुटतात आणि वाफेने प्रेस ठोके देतो.

बारा फूट उभं राहिलेलं नेपियर उसासारखाच आडोसा असतो. जुन्नर-आंबेगाव-शिरूर पट्ट्यात बिबट्या उसात राहतो, हे वेगळं सांगायला नको. जळणाचा प्लॉट घराला, गोठ्याला किंवा शाळेच्या वाटेला लागून करू नका.

गॅस कंपनीचा करार

ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्राची 'सतत' योजना आली आणि दाबलेल्या बायोगॅसच्या प्रकल्पांसाठी नेपियरची चर्चा गावोगाव सुरू झाली. तंत्र खरं आहे. गॅससाठी मात्र जळणाइतकं जून गवत चालत नाही, लिग्निन जीवाणूंना पचत नाही. ६० ते ७५ दिवसांचं, सेंटिमीटरभर तुकड्यांचं हवं. टनभर हिरव्यातून ढोबळमानाने ६५ ते ९० घनमीटर कच्चा बायोगॅस आणि शुद्ध करून २५ ते ३० किलो वाहनाचा गॅस, असा हिशोब निघतो. म्हणजे कंपनी टनाला किती देऊ शकते याला वरची मर्यादा आहे. त्यापलीकडचा दर कोणी बोलत असेल तर तो गवत विकत घेण्यासाठी आलेला नसावा.

समजा दर टनाला १,००० रुपये ठरला. एकरी ५० टनांचे पन्नास हजार. त्यातून तोडणी, भरणी, वाहतूक, सात गोण्या युरिया आणि बारमाही पाणी वजा करा. टनात ८०० किलो पाणी असतं आणि त्याचंही भाडं भरावं लागतं, म्हणून २०-२५ किलोमीटरच्या पलीकडचा प्रकल्प बहुतेक वेळा परवडत नाही. सही करण्याआधी पाहायचं ते एवढं: प्रकल्प उभा आहे की फलकच, तोडणी कोणाच्या खर्चाने, वजन कोणाच्या काट्यावर, दर हिरव्या वजनावर की शुष्क भागावर, पावसाळ्यात गाडी शेतात येत नाही तेव्हा उभ्या मालाचं काय, पैसे किती दिवसांत. नोंदणी फी किंवा सभासदत्वाचे पैसे आधी मागणाऱ्याला हात जोडावेत. आणि बेणं त्याच्याकडूनच, चढ्या दराने घ्यायची सक्ती असेल तर धंदा बेण्याचा आहे, हे उघड आहे.

घरच्या गोबरगॅसमध्ये कुट्टी टाकण्याचा मोह होतो. घुमटाच्या संयंत्रात ती वर तरंगते, साय धरते आणि गॅस अडतो. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलो शेण लागतं. नेपियर त्यात गाईच्या पोटातूनच गेलेलं बरं. गव्हाणीत उरलेली खोडं गांडूळखताला किंवा गोठ्यात अंथरायला वापरा.

आणखी एक हिशोब करारात कधीच लिहिलेला नसतो. ५० टन हिरव्यात १० टन शुष्क भाग, त्यासोबत वर्षाला एकरातून सुमारे १३० किलो नत्र आणि २०० किलोहून जास्त पालाश निघून जातं. गोठ्याच्या प्लॉटात ते शेणातून बरंचसं परत येतं. विक्रीच्या प्लॉटात येत नाही. काळ्या जमिनीत पालाशाचा साठा मोठा असल्याने दोन वर्षं काही जाणवत नाही, तिसऱ्या वर्षी जुन्या पानांच्या कडा करपू लागतात. म्हणून प्रकल्पाची स्लरी परत मिळण्याचं कलम घाला, किंवा दर दुसऱ्या कापणीला एकरी एक गोणी पोटॅश आणि वर्षाला शेणखताच्या खेपा धरूनच दर मागा.

ठोंब म्हातारे झाले की

दर तीन-चार कापण्यांनी वाळके खुंट मोडून काढा आणि सरीला मातीची भर द्या, कारण ठोंब दरवर्षी थोडा वर सरकतो आणि नवी मुळं उघडी पडतात. तीन ते चार वर्षांनी मध्य पोकळ होतो, फुटवे बारीक येतात आणि ठोंबामागे किलोचं अर्धा किलोवर येतं. तेव्हा खतावर पैसा घालण्यात अर्थ नाही. एप्रिलमध्ये पाणी तोडा, शेवटची कापणी करा, ठोंब नांगराने उपटून उन्हात उलटे पडू द्या. तुकडा राहिला तर पावसात पुन्हा फुटतो, म्हणून जूनमध्ये एकदा वेचणी करा. त्या जागी एक हंगाम ताग, धैंचा किंवा सोयाबीन घ्या. नवी लागण लगेच त्याच सरीत केली तर हुमणी आणि वाळवी आयतं खाद्य म्हणून तिथेच बसलेली असते. मोडण्याआधी साडेतीन-चार महिने एक गुंठा न कापता बेण्यासाठी राखून ठेवा.